पंचवीस खोल्या, दोन खोल्या आणि एक स्टेप

माझ्या पपांना नाचता येत नाही. म्हणजे एकच स्टेप येते. गुडघे जरासे वाकवायचे, खांदे सैल सोडायचे, कोपरात दुमडलेले हात कमरेपाशी आळीपाळीने हलवायचे, आणि दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. चेहऱ्यावर भाव मात्र असा, की जगातला सगळ्यात मोठा नर्तक मीच. नातेवाइकांकडचा रोस असो, लग्नाचं रिसेप्शन असो, नाहीतर गल्लीतल्या गणपतीची मिरवणूक असो, बेळगावात कुठेही बँड वाजायला लागला की पपांची ही स्टेप ठरलेली. लहानपणी मला वाटायचं, ही त्यांनीच शोधून काढली आहे. मग टीव्हीवर गोविंदाला तसंच काहीतरी करताना पाहिलं. मग अमिताभ बच्चनला. आणि एका रविवारी पपा जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा बघत बसले होते, तेव्हा खरा मालक सापडला. बुटका, जाडसर, गोल चेहऱ्याचा एक माणूस. हिरो वाटावा असं त्याच्यात काही नाही, पण नाचायला लागला की नजर दुसरीकडे जात नाही. तो सिनेमा ‘अलबेला’, आणि तो माणूस भगवानदादा.

म्हणून या अंकासाठी जुन्या सिनेमातल्या एका कलावंतावर लिहायचं ठरलं, तेव्हा मी पटकन हात वर केला. आमच्या सरांनी लेखाला नावही सुचवलं होतं, एका ताऱ्याचा अस्त. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. पण वाचत गेले, सिनेमे बघत गेले आणि ते नाव मला खटकायला लागलं. का खटकलं, ते सांगण्यासाठी आधी त्यांचं आयुष्य सांगायला हवं.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913चा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. लहानपण गेलं मुंबईत, दादर-परळच्या गिरणगावात. शाळा लवकर सुटली, मजुरी सुरू झाली. पण डोक्यात सिनेमा. तेव्हाचा सिनेमा मुका होता, आणि मुक्या सिनेमात शरीर हीच भाषा. धावायचं, उडी मारायची, तलवार चालवायची, पडायचं आणि उठायचं. व्यायामाने कमावलेल्या या पोराला ती भाषा येत होती. मूकपट संपत आले होते, तेव्हा छोट्या कामांतून त्यांनी पडद्यावर शिरकाव केला. बोलपट आल्यावर कित्येक मूकपटवाल्यांचं बस्तान उठलं. हे मात्र टिकले, कारण नुसतं कॅमेऱ्यापुढे उभं राहण्यावर ते थांबले नाहीत. सिनेमा बनतो कसा, तो कमीत कमी पैशात कसा बनवायचा, हे बघत बघत शिकले.

1938 साली ‘बहादूर किसान’ या सिनेमाचं दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्या जोडीने केलं. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं त्यांनी एकामागून एक मारधाडीचे सिनेमे काढले. थोडं भांडवल, थोडे दिवस, भरपूर हाणामारी. मोठ्या थिएटरातला शिष्ट प्रेक्षक हे सिनेमे बघत नसे. बघायचे ते गिरणीतून पाळी संपवून आलेले कामगार, हमाल, टांगेवाले. म्हणजे भगवानदादांच्या वडिलांसारखीच माणसं. पडद्यावर आपल्यासारखाच दिसणारा एक माणूस दहा जणांना लोळवतो आहे, हे बघायला ती खिशातले आणे मोजून यायची. यातले फार थोडे सिनेमे आज बघायला मिळतात. पण पुढे जे झालं ते समजायचं तर या धंद्याचं गणित लक्षात ठेवायला हवं. सिनेमा छोटा असला की तो पडला तरी माणूस बुडत नाही, काही महिन्यांत दुसरा येतो. लहान लहान डाव खेळत भगवानदादा वर आले.

मधल्या काळात त्यांनी 1941 साली ‘वनमोहिनी’ नावाचा तमिळ सिनेमाही दिग्दर्शित केला. गिरणगावातला मराठी पोरगा तमिळ सिनेमा करतो याचं मला फार नवल वाटलं. आम्ही बेळगावकर घरात एक, गल्लीत दुसरी आणि कॉलेजात तिसरी भाषा बोलतो, आणि तरी त्याचं कौतुक करून घेतो! त्याच सुमारास त्यांना आयुष्यभराचा दोस्त मिळाला, रामचंद्र चितळकर. हेच पुढे संगीतकार सी. रामचंद्र म्हणून गाजले. तमिळ सिनेमापाठोपाठ हिंदीतही, 1942च्या ‘सुखी जीवन’मध्ये, त्यांना संधी दिली ती भगवानदादांनीच.

आता 1942मधलीच दुसरी गोष्ट. ती टाळून मला पुढे जाता येत नाही.

‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण चालू होतं. एका प्रसंगात भगवानदादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ललिताबाई तेव्हा नायिकेच्या भूमिका करत. थोबाडीत बसली ती नको तितक्या जोराने. त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. जवळपास तीन वर्षं उपचार चालले. त्या उभ्या राहिल्या, पण नायिकेची कामं संपली. डोळा बारीक झालेली ती बाई पुढे छळवादी सासू आणि कजाग बाया करू लागली. अख्ख्या भारताला ती शेवटी दूरदर्शनवरच्या ‘रामायण’मधली मंथरा म्हणून आठवते.

भगवानदादांवरच्या बऱ्याच लेखांत ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. काही ठिकाणी तर त्यांच्या पुढच्या हालांना ती जोडलेली असते, म्हणजे दुसऱ्याचं वाटोळं केलं म्हणून स्वतःचं झालं. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी ते मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही. पण हात त्यांचाच होता, आणि त्या हाताने एका बाईचा चेहरा बदलला, हे अपघात म्हटल्याने पुसलं जात नाही. आणि ललिताबाईंचं पुढचं आयुष्य म्हणजे वाटोळं, असं तरी कसं म्हणायचं? ‘श्री 420’मधली केळेवाली त्यांनीच केली. 1959च्या ‘अनाडी’त त्यांनी मिसेस डिसा नावाची ख्रिस्ती घरमालकीण केली. बाहेरून खेकसणारी, आतून भाडेकरूवर पोटच्या पोरासारखी माया करणारी. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. सिनेमातल्या ख्रिस्ती बायका म्हणजे नाचणाऱ्या नाहीतर पिणाऱ्या, हे बघत मी मोठी झाले, त्यामुळे मिसेस डिसा बघताना मला आमच्या शेजारची आंटीच आठवते. नायिकेचा चेहरा गेल्यावर या बाईने नवा चेहरा घडवला आणि त्यावर चाळीसेक वर्षं काम केलं. पडणं आणि संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आधी ललिताबाईंकडून कळलं आणि मग भगवानदादांकडून.

1942मध्येच भगवानदादा निर्माते झाले, जागृती पिक्चर्स नावाने. 1947 साली चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलाचा स्वतःचा स्टुडिओ! तरीही चित्रपटसृष्टीच्या नजरेत ते मारधाडवालेच होते. मग राज कपूर यांनी त्यांना सुचवलं, की आता एखादा सामाजिक सिनेमा कर. ते मनावर घेऊन त्यांनी ‘अलबेला’ काढला. साल 1951. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, सगळं भगवानच. नायिका गीता बाली, तेव्हाची चांगली नावाजलेली तारका. या ठेंगण्या स्टंटवाल्याबरोबर काम करायला तिने होकार दिला, यातच अर्धी बाजी जिंकली होती. गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत जुन्या दोस्ताचं. पडद्यावर भगवान गातात तो आवाजही त्या दोस्ताचाच, चितळकर या नावाने. सोबत लता मंगेशकर.

या संगीताशी आमच्या लोकांचाही एक धागा आहे. सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. त्यांच्यातला एक म्हणजे हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ. तो चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत साहेबलोकांसाठी वाजणारं जॅझ, गोव्यातल्या चर्चच्या शाळांत घोटून घेतलेली नोटेशन्स, आणि आपल्याकडचा चालता ठेका. या सगळ्यावर गिरणगावातलं एक शरीर नाचलं. आमच्या घरी ‘अलबेला’ची गाणी ऐकताना आजोबा ट्रम्पेटच्या जागी बोटं हलवतात. ते स्वतः चर्चच्या बँडमध्ये होते. गाण्याचे शब्द त्यांना येत नाहीत, सूर मात्र सगळे येतात.

सिनेमा तुफान चालला. खिडकीखालच्या शिट्टीचं गाणं असो की बाळाला निजवायची अंगाई, लोकांना गाणी पाठ झाली. आणि ती स्टेप घरोघरी गेली. माझ्या मते ती गेली, कारण ती कुणालाही जमते. तिला लवचीक कंबर लागत नाही, गुरू लागत नाही, उंची तर मुळीच लागत नाही. मिरवणुकीच्या गर्दीत पुढचा-मागचा माणूस अंगाला चिकटलेला असताना जेवढं हलता येतं तेवढीच ती आहे. नाचता न येणाऱ्यांसाठी नाच करून देणारा हा पहिला हिंदी हिरो असावा.

‘अलबेला’नंतर पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला. सात मोटारी आल्या, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक. भगवानदादांची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण इथे थांबतो. आपल्याला आवडतं ना, आधी खोल्या मोजायच्या, म्हणजे मग त्या गेल्यावर हळहळता येतं.

त्या गेल्या कशा, ते बघू. 1953 साली ‘झमेला’ आला. तीच नायिका, तोच संगीतकार. ‘अलबेला’चं यश मिळालं नाही. 1956 साली किशोरकुमारना घेऊन ‘भागम भाग’ केला. तरीही पूर्वीचे दिवस परतले नाहीत. पुढे ‘ला-बेला’ नावाचाही सिनेमा केला. ही नावं एकाखाली एक लिहून बघा. अलबेला, झमेला, ला-बेला. एकदा लागलेली लॉटरी पुन्हा लागावी म्हणून तोच नंबर परत परत घेणाऱ्या माणसासारखं ते दिसतं. किशोरकुमारनाच घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ तर पुराच झाला नाही. अर्धा सिनेमा हा पडलेल्या सिनेमापेक्षा वाईट. पडलेला निदान थिएटरात जातो, चार पैसे आणतो. अर्धा नुसताच खातो.

दारू, जुगार, बेफिकिरी, अशी कारणं सिनेमावाल्यांच्या बाबतीत आपण डोळे मिटून देतो. मला कारण साधं वाटतं. नुसता नट असतो तो मानधन घेतो. सिनेमा पडला तर त्याचं नाव खाली येतं, घर राहतं. भगवानदादा नट होते, दिग्दर्शक होते आणि निर्मातेही होते. सिनेमा पडला की एकाच माणसाच्या तीन खिशांना भोक. त्यातून आता डाव लहान राहिले नव्हते. मारधाडीच्या दिवसांत ते थोडं लावून थोडं मिळवत. ‘अलबेला’नंतर मोठं लावायला लागले आणि शेवटी घरच लावलं. धंदा आणि संसार यांच्यामध्ये त्यांनी भिंतच ठेवली नव्हती. बंगला विकला गेला. मोटारी गेल्या. स्टुडिओ गेला. आणि भगवानदादा दादरच्या लल्लूभाई मॅन्शनमध्ये, चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आले. 1965 साली गीता बाली देवीच्या आजाराने गेल्या, ऐन तारुण्यात. ‘अलबेला’ची जोडी कायमची फुटली.

‘अलबेला’ची कथा आता आठवली तर अंगावर काटा येतो. नोकरी गेलेला प्यारेलाल वडिलांशी भांडून घर सोडतो, रंगभूमीवर मोठा होतो, घरी पैसे पाठवत राहतो. ते पैसे घरच्यांपर्यंत पोचतच नाहीत. परत येतो तेव्हा आई गेलेली असते आणि घराची दशा झालेली असते. यश आणि घर यांची चुकामूक कशी होते, हे या माणसाने स्वतःच पडद्यावर दाखवून ठेवलं होतं.

पडत्या काळात बहुतेकांनी पाठ फिरवली. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि नट ओमप्रकाश हे मात्र चाळीतही त्यांना भेटायला येत राहिले, असं सांगतात. एवढ्या मोठ्या सिनेसृष्टीत तीन. पण आपल्यापैकी किती जणांना छातीठोकपणे तीन नावं सांगता येतील?

आता मला नाव का खटकलं, ते.

अस्त झालेला तारा दिसत नाही. भगवानदादा दिसत राहिले. ‘झनक झनक पायल बाजे’त दिसले, ‘चोरी चोरी’त दिसले. पुढे कामं लहान होत गेली. कधी दोन प्रसंग, कधी एक, कधी फक्त गर्दीत उभं राहून ती स्टेप. ज्या माणसाने स्वतःच्या स्टुडिओत दुसऱ्यांना कामं दिली, तो आता दुसऱ्याच्या सेटवर बोलावणं येण्याची वाट बघत होता. हे मी सोपं करून सांगत नाही. अपमान गिळावे लागले असणार. चाळीच्या जिन्यावर जुहूच्या बंगल्याची आठवण येत असणार. दोन खोल्यांत राहणं हे काही पुण्य नाही, आणि गरिबीला हार घालणाऱ्यांचा मला राग येतो. तरीही, अठ्ठावीस-तीस वर्षांचा नायक फुलत असताना मागे कोपऱ्यात उभं राहून तीच दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करायला जे लागतं, त्याला अस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काम मिळालं की ते गेले, आणि केलं.

अमिताभ, मिथुन, गोविंदा यांच्या नाचात ती स्टेप उतरली. तिचे पैसे भगवानदादांना मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. स्टेपला मालक नसतो. पण गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या घरापाशी थांबायच्या आणि लोक त्यांच्यासमोर त्यांचीच स्टेप नाचायचे, असं सांगितलं जातं. मुळात ती स्टेप आली होती ती अशाच गर्दीच्या अंगातून. पडद्यावर जाऊन ती परत रस्त्यावर आली, खालून वर, थेट त्यांच्या घरापर्यंत.

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या घरीच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय 88. माझा जन्म त्यानंतरचा. 2016 साली त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा आला. मंगेश देसाई भगवान झाले आणि विद्या बालन गीता बाली झाल्या. आमच्या घरातले सगळे तो बघायला बसले होते. पपा मध्येच उठले आणि टीव्हीसमोर सुरू झाले. आम्ही ओरडलो, बाजूला व्हा, दिसत नाहीये.

हा लेख लिहिताना मी पपांना सगळी गोष्ट सांगितली. बंगला, मोटारी, चाळ, सगळं. त्यांना फार वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. दादरच्या त्या घरात माणसं किती होती, आणि शेवटपर्यंत त्यांना नाचायला जमत होतं का? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याला मी सांगितलं, म्हातारपणीही नाचायचे. पपांनी मान हलवली. मग म्हणाले, आपणही तुझ्या जन्मापर्यंत दोनच खोल्यांत होतो की. आणि चहा ठेवायला आत गेले.

सरांनी दिलेलं नाव मी वहीतून खोडलं आहे. सर रागावणार नाहीत अशी आशा आहे. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचा रोस आहे. या वेळी पपांबरोबर मीही त्या रांगेत उभी राहणार आहे. गुडघे जरासे वाकवायचे, खांदे सैल सोडायचे. बाकी जमेल.